फोन जुना झाला, हे ठरवितो कोण?

नवा स्मार्टफोन हाती आला की पहिला ठसा उमटतो तो बहुधा वजनाचा आणि उजेडाचा. जुन्या फोनपेक्षा तो किंचित जड असतो, पडदा मोठा असतो, आणि कोपरखैरणे स्थानकाच्या फलाटावर भर दुपारी उभे राहूनही त्यावरील अक्षरे वाचता येतात. कॅमेरा अंधारातही छायाचित्र टिपतो. इतके स्वच्छ की त्या खोलीत प्रत्यक्षात किती अंधार होता याचा पत्ता छायाचित्रावरून लागू नये. खोके उघडताना एक लहानसा अपेक्षाभंग होण्याचाही संभव असतो. अनेक महागड्या फोनांबरोबर आता चार्जर मिळत नाही. ॲपलने २०२० च्या ऑक्टोबरात आयफोन १२ पासून ही प्रथा पाडली आणि तिला पर्यावरणरक्षणाचे कारण दिले. सॅमसंगने प्रथम तिची थट्टा केली आणि तीन महिन्यांनी तीच उचलली. मग जुना व नवा असे दोन्ही फोन शेजारी ठेवावयाचे. तास-दीड तासात जुन्याचा सारा संसार नव्यात येऊन दाखल होतो. तेच चित्र, तेच गट, सकाळच्या शुभेच्छांची तीच न वाचलेली थप्पी. संध्याकाळपर्यंत नवेपणाची खूण म्हणून उरतो तो काचेवर अजून ओरखडा नसणे एवढाच फरक.

मग हा फोन घेतला कशासाठी? हौसेने घेणारे असतात, आणि त्यांच्या हौसेला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु तीन टाकी परिसरातील दुकानांत मासिक हप्त्यांचा हिशोब विचारीत उभ्या असलेल्या ग्राहकांपैकी अनेकांची अडचण निराळी असते. जुन्या फोनवरून बोलणे होत असते, ऐकू येत असते, पडदा शाबूत असतो. फक्त बँकेचे ॲप एके दिवशी कळविते की, या यंत्रावर यापुढे सेवा मिळणार नाही. किंवा कचेरीने सक्तीचे केलेले एखादे ॲप त्यावर उतरतच नाही. वस्तू बिघडलेली नसते; ती जुनी ठरविलेली असते. ठरविणारा कोणी अन्यच असतो, आणि पैसे मात्र वापरणाऱ्याने मोजावयाचे असतात. नव्या फोनाच्या कौतुकात हा मुद्दा बहुधा मागे पडतो.

फोनाला तीन प्रकारे वार्धक्य येते. पहिले बॅटरीचे. ते निसर्गनियमाने येते. लिथियमची बॅटरी काही शे वेळा भरली-रिकामी झाली की तिची धारणशक्ती घटते, आणि ती बदलता येते. दुसरे वार्धक्य फोनातील प्रणालीचे, आणि तिसरे ज्या जाळ्यावर फोन चालतो त्या जाळ्याचे. ही शेवटची दोन निसर्गाने येत नाहीत. ती निर्णयाने येतात. त्यांपैकी तिसऱ्याचा अनुभव कोपरखैरण्याला जितक्या जवळून आला, तितका क्वचितच अन्य कोणत्या गावाला आला असेल.

सिडकोची स्थापना मार्च १९७० मधील. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या खाडीकडील बाजूच्या आगरी गावांच्या जमिनी तिने संपादन केल्या आणि शेतांच्या व मिठागरांच्या जागी क्रमांकांचे सेक्टर आले. कोपरखैरण्यात लहान-लहान भूखंडांवर बैठी घरे उठली. पुढे त्यांवर मजले चढले. वाशीच्या बाजारात ओझी वाहणारे माथाडी कामगार, त्यांच्यामागून कारखान्यांतले व कचेऱ्यांतले नोकरदार येथे राहावयास आले. साताऱ्याचे, जुन्नरचे, कोकणातले. गावाकडच्या आईवडिलांशी बोलावयाचे तर रस्त्याच्या कडेच्या पिवळ्या फलकाच्या टपरीत रांग लावावी लागे. अशा वसाहतीच्या अगदी काठावर, ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून, शंभराहून अधिक एकरांत धीरूभाई अंबानी नॉलेज सिटी उभी राहिली. डिसेंबर २००२ मध्ये रिलायन्स इन्फोकॉमने देशभर जी मोबाइल सेवा सुरू केली, तिचा कारभार येथूनच चालत असे.

त्या वेळी कोपरखैरण्याला रेल्वेही आलेली नव्हती. ठाणे-वाशी मार्ग सुरू झाला तो नोव्हेंबर २००४ मध्ये. पण फोन आला. २००३ च्या पावसाळ्यात कंपनीने ५०१ रुपये भरून हँडसेट घरी न्यावा अशी योजना काढली आणि शिपायापासून मुख्याध्यापकापर्यंत सर्वांच्या खिशात फोन दिसू लागला. स्वस्ताईचे रहस्य काही अंशी तंत्रात होते. ही सेवा सीडीएमए पद्धतीची होती. आरंभीच्या हँडसेटमध्ये सुटे सिमकार्ड नव्हते. ग्राहकाचा क्रमांक यंत्रातच नोंदलेला असे. फोन कंपनीचा आणि कंपनी फोनाची, असा तो जन्माचा संबंध होता. ५०१ रुपयांत आलेली वस्तू दुसऱ्या कोणत्याही जाळ्यावर चालणार नाही, याचा अर्थ काय होतो, याचा विचार त्या गर्दीत कोणी केला नाही. करावयास सवडही नव्हती.

अर्थ कळावयास तेरा-चौदा वर्षे लागली. २००५ मध्ये अंबानी बंधूंची वाटणी झाली आणि हा व्यवसाय धाकट्या बंधूंकडे गेला. पुढे थोरल्या बंधूंची जिओ कंपनी उभी राहिली. तिचा कारभार घणसोलीहून, म्हणजे कोपरखैरण्याच्या लगतच्या स्थानकावरून चालू लागला. दोन्ही कंपन्यांत लहरींच्या वापराचा करार २०१६ मध्ये झाला. ज्या पट्ट्यातील लहरींवर सीडीएमएचे फोन चालत, त्या लहरी आता फोर-जीसाठी हव्या होत्या. ग्राहकांना नव्या सेवेकडे वळविण्यात आले. क्रमांक टिकला, हँडसेट मात्र मुका झाला. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली. आरंभी ती फुकट होती. पण तिच्यासाठी फोर-जीवरून बोलता येईल असा फोन आवश्यक होता, आणि तसा फोन नसलेल्या कोट्यवधी लोकांनी तो विकत घेतला. २०१७ च्या अखेरीस रिलायन्स कम्युनिकेशन्सची बोलण्याची सेवाही बंद पडली आणि २०१९ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. पहिल्या फोनाचे जाळे आणि दुसऱ्याचे जाळे यांच्या मुख्य कचेऱ्यांत अंतर एका रेल्वे स्थानकाचे. ज्यांच्या कपाटात ते सीडीएमएचे फोन पडून आहेत, त्यांच्या घराच्या गच्चीवरून दोन्हींच्या इमारती दिसत असतील.

याउलट २००३ मध्येच बाजारात आलेला नोकियाचा ११०० हा फोन पाहावा. विजेरी असलेला, धुळीला न जुमानणारा, आजही कित्येक घरांत सापडणारा. नवी बॅटरी घालून त्यात टू-जीचे सिमकार्ड सरकविले तर एअरटेल किंवा व्होडाफोन-आयडिया यांच्या जाळ्यावर त्याची घंटी अजून वाजते. दोन्ही यंत्रे एकाच वयाची, एकाच योग्यतेची. एकाचे जाळे राहिले, दुसऱ्याचे गेले. टिकाऊपणा हा वस्तूच्या अंगचाच गुण असतो, या आपल्या समजुतीला येथे फारसा अर्थ उरत नाही.

तंत्र पुढे जावयाचे तर जुने कधीतरी बंद करावेच लागते, हा युक्तिवाद सहज झटकून टाकण्यासारखा नाही. लहरी मर्यादित आहेत, आणि त्याच लहरींवर फोर-जीने किती तरी अधिक लोकांना किती तरी स्वस्तात सेवा दिली, हे नाकारता येणार नाही. तक्रार बदलाबद्दल नाही. विकत घेतेवेळी ग्राहकाला त्या वस्तूचे आयुष्य सांगितले गेले नाही, ही तक्रार आहे. आणि नेमकी तीच गोष्ट आजच्या स्मार्टफोनाबाबत, प्रणालीच्या वार्धक्याच्या रूपाने, पुन्हा घडत आहे.

अँड्रॉइड प्रणाली गूगल तयार करते. तिच्यात सापडलेली भगदाडे बुजविण्यासाठी २०१५ पासून दर महिन्याला दुरुस्त्या काढल्या जातात. परंतु गूगलने दुरुस्ती काढली म्हणून ती प्रत्येक फोनात पोहोचत नाही. फोनातील चिप ज्या कंपनीची, तिने आपला भाग जुळवून द्यावयाचा. मग फोन बनविणाऱ्या कंपनीने आपल्या शेकडो नमुन्यांपैकी प्रत्येकासाठी तो तपासावयाचा आणि पाठवावयाचा. या कामाला पैसा लागतो आणि विकून झालेल्या फोनातून नवा पैसा येत नाही. तेव्हा साखळीतील कोणीतरी एके दिवशी हात आखडता घेतो. ग्राहकाला ते कळतही नाही. फोन चालू असतो, फक्त त्याच्या दाराची कडी काढून ठेवलेली असते. काही वर्षांनी बँका अशा यंत्रांना नकार देतात, आणि तो नकार बँकेच्या बाजूने पाहता योग्यच असतो.

ही मुदत सर्वांना सारखी नसते. गूगलने २०२३ मध्ये आपल्या पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने २०२४ मध्ये आपल्या एस २४ साठी सात वर्षांची हमी जाहीर केली. या फोनांच्या किमती त्या वेळी पाऊण लाखाच्या आगेमागे होत्या. दहा-बारा हजारांच्या फोनाला मात्र अनेकदा दोन-तीन वर्षांपलीकडे काही मिळत नाही. आता वर्षाचा हिशोब केला तर स्वस्त फोन स्वस्तच पडतो, हे कबूल केले पाहिजे. ऐंशी हजार भागिले सात म्हणजे सालिना साडेअकरा हजारांच्या घरात. बारा हजार भागिले तीन म्हणजे चार हजार. पण हा हिशोब कागदावरचा आहे. बारा हजारांचा फोन घेणारा तीन वर्षांनी दुसरा घेत नाही. तो तोच पाच-सहा वर्षे वापरतो, नंतर मुलाला देतो, मग तो गावी आजीकडे जातो. म्हणजे त्या फोनाचे निम्मे आयुष्य कडी नसलेल्या दाराने जाते, आणि याच काळात त्यात बँकेचे खाते, आधारचा क्रमांक आणि निवृत्तिवेतनाचे संदेश असतात. कोणाच्या तरी खात्यातून पैसे गेल्याची बातमी वाचून आपण त्या माणसाच्या अज्ञानावर बोट ठेवतो. त्याच्या फोनाची मुदत केव्हा सरली होती, हे कोणी विचारीत नाही.

खाजगी खरेदीत निदान निवड तरी असते. सरकारने फोन दिला आणि त्यावर काम सक्तीचे केले तर काय होते, याचा धडा महाराष्ट्राने २०२१ मध्ये घेतला आहे, आणि तो एव्हाना विसरलाही आहे. राज्यात अंगणवाड्यांची संख्या लाखाच्या घरात. पोषण अभियानाखाली २०१९ मध्ये अंगणवाडी सेविकांना सरकारी फोन देण्यात आले. त्यांची कार्यकारी स्मृती दोन जीबीची. त्या वर्षी हे प्रमाण कामचलाऊ म्हणता आले असते. पण मार्च २०२१ पासून केंद्र सरकारने नवे पोषण ट्रॅकर ॲप आणले. मुलांची वजने, उंची, हजेरी, आहारवाटप अशी सारी नोंद त्यात भरावयाची. ॲपचा भार फोनाला पेलेना. यंत्र तापे, मध्येच बंद पडे, भरलेली माहिती नाहीशी होई. हमीची मुदतही संपली होती. दुरुस्तीचा हजारो रुपयांचा खर्च सेविकांच्याच माथी येऊ लागल्याची तक्रार होती. आणि हे सारे तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत. त्यात ॲप इंग्रजी. मराठी शाळांत शिकलेल्या, मराठी बालकांची मराठीत नोंद ठेवणाऱ्या स्त्रियांनी नावे रोमन लिपीत भरावीत, अशी अपेक्षा होती.

ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांनी एक असाधारण गोष्ट केली. राज्यभर जिल्ह्या-जिल्ह्यांत मोर्चाने जाऊन त्यांनी ते फोन कार्यालयांत परत केले. मोर्चे सामान्यतः काही मिळविण्यासाठी निघतात. हा हाती असलेली वस्तू परत देण्यासाठी निघाला. वृत्तपत्रांतून टेबलावर रचलेल्या फोनांची छायाचित्रे छापून आली. त्या थप्प्यांतील बहुतेक फोन जेमतेम दोन वर्षांचे होते. काम करू नये असा त्या स्त्रियांचा हट्ट नव्हता; पूर्वीप्रमाणे नोंदवहीत लिहून देण्याची त्यांची तयारी होती. पुढे २० फेब्रुवारी २०२३ पासून त्यांचा संप झाला. त्यातही नव्या मोबाइलची मागणी होती, आणि मानधनवाढीबरोबर नवे फोन देण्याचे आश्वासन मिळाल्यावर तो मिटला. फोन दिल्यावर ॲप जड करावयाचे, ॲप जड झाले म्हणून नवा फोन द्यावयाचा, या चक्रात दोषी कोणता कारकून किंवा कोणता मंत्री, हे शोधत बसण्यात अर्थ नाही. ॲप बनविणाऱ्याला फोन कोणता आहे हे विचारण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती, एवढेच दिसते.

शिक्षकांची स्थिती याहून बरी म्हणावी तर त्यांना बहुधा फोन स्वतःचाच वापरावा लागतो. विद्यार्थ्यांची माहिती, प्रशिक्षणाची ॲपे, अधिकाऱ्यांच्या गटावरील रात्री दहाचे आदेश, सारे स्वतःच्या फोनात, स्वतःच्या डेटावर. २०२० च्या टाळेबंदीत शिकविणेही त्यातूनच झाले. त्याच वर्षी असंख्य घरांनी मुलांच्या शाळेपायी स्वस्तातला स्वस्त फोन घाईने घेतला. त्या फोनांना आता सहा वर्षे होत आली. आज दुकानांत दिसणाऱ्या ‘हौशी’ गर्दीचा काही भाग त्या घाईच्या खरेदीचा उत्तरार्ध आहे, असे समजण्यास जागा आहे.

शिवाय फोन बदलणे हे स्वतःच एक काम असते, ते कोणत्याही जाहिरातीत दिसत नाही. छायाचित्रे व क्रमांक आपोआप येतात हे खरे. पण यूपीआयचा व्यवहार यंत्राशी बांधलेला असतो. नव्या फोनावरून संदेश पाठवून खाते पुन्हा जोडावे लागते आणि पहिल्या दिवशी रकमेवर मर्यादा येते. बँकेची ॲपे नव्याने ओळख मागतात. साठीच्या गृहस्थाला हे सारे जमण्यासाठी मुलाच्या किंवा शेजारच्या पोराच्या सुट्टीची वाट पाहावी लागते. मराठी लिहिणाऱ्याचे आणखी एक नुकसान. जुन्या कळफलकाला त्याचे शब्द पाठ झालेले असतात. ‘ऱ्हस्व’ आणि ‘पाऱ्याचा’ तो चुकत नसे. नवा कळफलक पुन्हा पहिलीत बसतो आणि महिनाभर मालकाच्या नातेवाइकांची नावे बदलून टाकतो.

जुन्या फोनाचे काय करावे? बॅटरी बदलून घेण्यास कोपरखैरण्याच्या कोणत्याही सेक्टरात कारागीर आहे आणि त्याचे हात तरबेज आहेत. त्याची अडचण सुट्या भागांची. मूळ भाग मिळत नाहीत, मिळाले तर त्यांची किंमत ऐकून ग्राहक नव्या फोनाचा हप्ता विचारू लागतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ डिसेंबर २०२२ मध्ये सुरू केले. कोणती वस्तू किती दुरुस्तीयोग्य आहे याचा निर्देशांक ठरविण्यासाठी सप्टेंबर २०२४ मध्ये समिती नेमली आणि तिचा अहवाल मे २०२५ मध्ये आला. दिशा योग्य आहे. मात्र युरोपीय संघ याच सुमारास शिफारशीच्या पुढे जाऊन कायद्यापर्यंत पोहोचला होता. २० जून २०२५ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या नव्या फोनांना, त्या नमुन्याची विक्री थांबल्यानंतर किमान पाच वर्षे प्रणालीच्या दुरुस्त्या द्याव्या लागतात. सुटे भाग सात वर्षे पुरवावे लागतात. आणि बॅटरीने आठशे वेळा भरल्यानंतरही ऐंशी टक्के धारणशक्ती राखली पाहिजे असा दंडक आहे. अशा नियमांनी फोन महाग होतील अशी भीती घातली जाते, आणि स्वस्त फोनाच्या देशात ती भीती हसण्यावारी नेता येत नाही. पाच वर्षांची सक्ती येथे उद्याच लादणे शहाणपणाचे होईल की नाही, यावर प्रामाणिक मतभेद होऊ शकतात.

पण त्याहून पुष्कळ साधी गोष्ट ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून केली आहे. मुदत किती असावी हे तेथील कायदा सांगत नाही. जी काही असेल ती विकतेवेळी जाहीर करा, एवढेच सांगतो. आपल्याकडे फोनाच्या खोक्यावर कमाल किरकोळ किंमत छापलेली असते, उत्पादनाचा महिना व वर्ष असते, वस्तू कोणत्या देशात बनली ते असते. वैधमापनशास्त्राच्या नियमांनी हे बंधनकारक केले म्हणून ते असते. कंपन्यांनी ते स्वखुशीने छापलेले नाही. बिस्किटाच्या पुड्यावर आणि औषधाच्या बाटलीवर जी तारीख असते, ती फोनाच्या खोक्यावर नाही. ‘या फोनास सुरक्षेच्या दुरुस्त्या अमुक महिन्यापर्यंत मिळतील’ अशी एक ओळ, मराठीत, किमतीच्या शेजारी छापण्यास कोणत्याही कारखान्याचे यंत्र बदलावे लागणार नाही. बारा हजारांच्या दोन फोनांपैकी एकावर दोन वर्षांची आणि दुसऱ्यावर चार वर्षांची तारीख दिसली, तर ग्राहक कॅमेऱ्याचे आकडे बाजूला ठेवून कोणता उचलील, हे दुकानदारही सांगू शकेल. आज ही माहिती असलीच तर कंपनीच्या संकेतस्थळावर, नमुन्यांच्या लांबलचक यादीत, इंग्रजीत असते.

केंद्राने तो नियम करीपर्यंत राज्य सरकारने वाट पाहण्याचेही कारण नाही. सरकार स्वतःच मोठे गिऱ्हाईक आहे. अंगणवाडी सेविकांसाठी फोनांची पुढील खरेदी होईल तेव्हा निविदेत दोन अटी घालता येतील: दुरुस्त्या किमान पाच वर्षे मिळतील, आणि त्या पाच वर्षांत विभागाने सक्तीचे केलेले कोणतेही ॲप प्रथम त्याच फोनावर चालवून पाहिले जाईल. पहिली अट कंपनीसाठी आहे, दुसरी मंत्रालयासाठी.